जजसाहेबांनी कोर्स पूर्ण केला

फ्रीजच्या दारात ठेवलेली तपकिरी बाटली धुऊन ओट्यावर पालथी घातलेली दिसली, तेव्हा जंतूडॉक्टरचा आधी विश्वासच बसला नाही. ही दुसरी असेल, असं म्हणून त्याने फ्रीज उघडला. सॉसची बाटली होती, लिंबाचा रस होता, डोळ्यांत घालायचे थेंब होते. तपकिरी बाटली नव्हती.

"अगं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "ही बाटली कुणी धुतली?"

"मीच," बायको म्हणाली. "बाबांचं खोकल्याचं औषध संपलं."

"बाबांचं औषध फ्रीजमध्ये कशाला असेल?"

"फ्रीजमध्ये नव्हतंच. फ्रीजवर ठेवलं होतं मी. त्यांना सांगितलंही, बाबा, फ्रीजवर..." बोलता बोलता तिने वर पाहिलं. फ्रीजवर खोकल्याच्या औषधाची नवीकोरी बाटली उभी होती. तिचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"मग बाबा काय प्यायले?" बायकोने विचारलं.

जंतूडॉक्टरने ओट्यावरच्या पालथ्या बाटलीकडे बोट दाखवलं.

जंतूडॉक्टर हे नाव त्याला गल्लीने दिलं होतं. तो डॉक्टर होता, पण माणसांचा नव्हे, जंतूंचा. आणि जंतू बरे व्हावेत अशी कुणाचीच इच्छा नसल्याने त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. मेडिकल कॉलेजच्या एका कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत तो काम करी. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू अलीकडे फार माजले होते, आणि अशा जंतूंना खाणारे विषाणू शोधायचे हे त्याचं काम. त्यांना फाज म्हणतात. फाज माणसाच्या केसालाही धक्का लावत नाही, पण आपला ठरलेला जंतू दिसला की त्याचा फडशा पाडतो. अडचण एवढीच, की जिथे जंतू तिथेच फाज, म्हणजे घाणीत. म्हणून वर्षभर गमबूट चढवून, हातात बादली घेऊन त्याने शहरातली गटारं पालथी घातली होती. ओळखीचे लोक रस्ता बदलत. शेवटी जुन्या इस्पितळामागच्या गटारात त्याला हवा तो फाज मिळाला.

तो हवा होता एका ट्रकड्रायव्हरसाठी. अपघातात त्याचा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण जखमेत जो जंतू शिरला त्याने होती नव्हती ती सगळी औषधं पचवून वर ढेकर दिला. आठवडाअखेर सुधारणा दिसली नाही तर पाय गुडघ्यापासून काढायचा, असं सर्जनबाईंनी ठरवलं होतं. फाज वापरायची परवानगी नुकतीच मिळाली होती. आणि नेमका तेव्हाच प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला. आतलं सगळं उबून नासलं. एक बाटली तेवढी तपासणीसाठी बाहेर बर्फात होती, ती वाचली. नियमात बसत नसतानाही जंतूडॉक्टरने ती तपासणीचा निकाल येईपर्यंत घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवली. काच तपकिरी होती, कारण फाजला उजेड सोसत नाही. आणि बर्फाच्या पाण्याने चिठ्ठी निघून गेली होती.

सासरे बाहेरच्या खोलीत खुर्चीत ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते निवृत्त न्यायाधीश, काही दिवस लेकीकडे राहायला आले होते. सगळे त्यांना जजसाहेब म्हणत. जावईसुद्धा मनातल्या मनात तेच म्हणे. खुर्ची सुटली तरी निकाल देण्याची सवय सुटली नव्हती, आणि जावयाविषयीचा निकाल तर लग्नातच लागला होता.

"बाबा, तुम्ही फ्रीजमधलं औषध घेतलंत?"

"घेतलं. सकाळ-संध्याकाळ. चव सूपसारखी होती, मीठ कमी. खोकल्याला काडीचा फरक नाही."

"सगळं संपवलंत?"

"अर्थात. औषध अर्धवट सोडलं की जंतू शिरजोर होतात, कोर्स पूर्ण करायचा, हे घरीदारी तुम्हीच सांगत असता ना, जावईबापू? तुमचं म्हणून एकदा ऐकलं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुमचा चेहरा का उतरला? ते विष होतं का? हो की नाही?"

"नाही."

"औषध होतं?"

"हो. म्हणजे, तुमच्यासाठी नव्हतं."

"कुठून आणलं होतं?"

जंतूडॉक्टर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला.

"गप्प राहून भागणार नाही."

"गटारातून," तो म्हणाला. मग घाईघाईने, "गाळलेलं होतं! अगदी बारीक गाळणीतून. पुन्हा पुन्हा गाळलं होतं."

जजसाहेब उठले, आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आयुष्यभर त्यांनी लोकांना शिक्षा सुनावल्या होत्या; असली शिक्षा मात्र त्यांनी कुणालाही सुनावली नव्हती.

"माझ्या बापाला गटार पाजलंत तुम्ही," बायको दारातून म्हणाली.

"मी कुठे पाजलं? ते आपणहून प्यायले."

"तेही कोर्स पूर्ण करून!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं होतं की हसण्याचं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

जजसाहेबांना अपाय होण्याची भीती त्याला नव्हती. काळजी होती ती ड्रायव्हरची. जंतूडॉक्टर रोज वॉर्डात गेला की ड्रायव्हर म्हणे, "साहेब, ते तुमचे बारके सैनिक कधी येणार?" आणि त्याची बायको काही न बोलता खुर्ची पुढे सरकवी. ती खुर्ची त्याला आठवली. तसाच तो उठला, गमबूट चढवले, बादली उचलली आणि जुन्या इस्पितळामागे गेला.

तिथे गटार नव्हतं.

म्हणजे जागा होती, पण वर नवी फरशी होती, खाली नवे पाइप होते आणि कडेला पांढऱ्या पावडरीची रांगोळी होती. फुलझाडांच्या कुंड्यासुद्धा ठेवल्या होत्या. शेजारच्या दुकानदाराने आनंदाने सांगितलं, "किती वर्षं बोंबलत होतो हो आम्ही या घाणीसाठी! कुणी लक्ष देत नव्हतं. आणि या आठवड्यात बघा, एकदम चकाचक! तुम्ही तक्रार केली होती का? नेहमी यायचात."

जंतूडॉक्टर बादली घेऊन कुंडीशेजारी उभा राहिला. स्वच्छता पाहून ज्याला रडू आलं असा त्या गल्लीतला तो पहिलाच माणूस असावा.

सर्जनबाईंना सांगणं भागच होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या ड्रायव्हरला मी असं सांगू, की तुझं औषध जज प्यायले?"

"मॅडम, आता काही उरलं नाही. मी उद्यापासून तोंड दाखवणार नाही."

"तोंड राहू दे. जे तोंडातून आत गेलं ते कुठून तरी बाहेर येणार ना?"

त्यांना काय म्हणायचंय ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. "नाही," तो म्हणाला. "नाही नाही. मॅडम, ते माझे सासरे आहेत."

"एका तरण्याताठ्या माणसाचा पाय मी कापायचा, आणि तुझ्याच्याने एवढं मागवत नाही?"

तो घरी आला. बायकोकडे मध्यस्थी मागितली, तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा. मुलीने बापाला काय काय विचारायचं यालाही मर्यादा आहे." शेवटी तो झाकणाची प्लास्टिकची डबी घेऊन आतल्या खोलीत गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"बाबा, एक विनंती होती."

जजसाहेब वळले. त्यांनी डबीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, पुन्हा डबीकडे पाहिलं. जंतूडॉक्टरने खाली मान घालून सगळं सांगितलं: ड्रायव्हर, पाय, आठवडाअखेर, नवी फरशी, कुंड्या. बोलून झालं तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"म्हणजे," जजसाहेब सावकाश म्हणाले, "त्या माणसाची वस्तू माझ्या पोटात आहे, असा तुमचा दावा आहे."

"हो."

"आणि ती त्याला मिळाली नाही तर त्याचा पाय जाईल."

"हो."

"मग तो मुद्देमाल झाला. मुद्देमाल ज्याचा त्याला परत मिळालाच पाहिजे." त्यांनी हात पुढे केला. "द्या ती डबी."

त्या क्षणी जंतूडॉक्टरला सासऱ्यांचे पाय धरावेसे वाटले. पण त्याच्या नशिबात सुख सरळ चालून येणं नव्हतं. जजसाहेबांचं मन तयार झालं, पोट होईना. आदल्या दिवशीच्या धक्क्याने ते असं आवळून बसलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार उघडून ते बाहेर आले आणि मान हलवून म्हणाले, "कामकाज तहकूब."

घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली. बायकोने कोमट पाणी दिलं, इसबगोल दिलं, पपई कापली. जंतूडॉक्टर बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. सर्जनबाईंचे फोन येत होते: "काही?" "नाही, मॅडम." मुलांच्या निकालाची वाट पाहतात तशी तिघं माणसं एका म्हाताऱ्याच्या पोटाची वाट पाहत होती. एरवी त्याच्याशी कामापुरतं बोलणारे जजसाहेब आता पोटातल्या प्रत्येक आवाजाची त्याला जातीने माहिती देत. हे प्रेम की सूड, हे त्याला कळत नव्हतं. आठवडा संपत आला. सर्जनबाईंनी ऑपरेशन थोडं पुढे ढकललं. "पण फार नाही हं," त्या म्हणाल्या. "ताप वाढतोय त्याचा."

अखेर एका सकाळी दार उघडलं. जजसाहेब डबी दोन्ही हातांनी धरून बाहेर आले.

"सही हवी का कुठे?" त्यांनी विचारलं.

जंतूडॉक्टर धावतच प्रयोगशाळेत गेला. त्याने तो ऐवज पाण्यात कालवला, गाळला, पुन्हा गाळला, आणि ड्रायव्हरच्या जखमेतला जंतू जिथे गालिच्यासारखा पसरून वाढतो त्या काचेच्या ताटलीत त्याचे थेंब टाकले. फाज असेल तर दुसऱ्या दिवशी त्या गालिच्याला भोकं पडलेली दिसतात. त्याच्या फाजची भोकं खसखशीएवढी पडत.

दुसऱ्या दिवशी त्याने ताटली उजेडात धरली. खसखशीएवढं एकही भोक नव्हतं. पोटातल्या आम्लाने त्याच्या नाजूक फाजचा केव्हाच निकाल लावला होता. वर्षभराची मेहनत, एका माणसाचा पाय, स्वतःची अब्रू, सगळं त्या एका पोटात विरघळलं होतं. तो स्टुलावर बसला आणि त्याने डोळे मिटले. आता वॉर्डात जायचं, आणि ती बाई पुन्हा खुर्ची पुढे सरकवणार.

ताटली फेकण्याआधी त्याने शेवटचं एकदा पाहिलं. खसखस नव्हती हे खरं. पण एका कडेला चांगले वाटाण्याएवढे, लख्ख, आरपार दिसणारे गोल होते. मघाशी बारीक भोकं शोधण्याच्या नादात त्याला ते ताटलीचाच दोष वाटले होते.

त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच गोल. हा त्याचा फाज नव्हता. हा वेगळाच होता, धिप्पाड आणि खादाड. जो जंतू खाताना त्याच्या फाजची दमछाक होई, त्याचा हा नाश्ता करत होता. आणि हा गटारातून आलेला नव्हता. तपासण्यांतून स्पष्टच झालं: हा जजसाहेबांच्या आतड्यांतला मूळ रहिवासी होता. कोण जाणे किती वर्षांपासून तिथे बिऱ्हाड करून होता.

जंतूडॉक्टरला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला दिसले ते गमबूट, ती बादली, रस्ता बदलणारे लोक. वर्षभर ज्याच्यासाठी त्याने शहराची घाण उपसली, ते रत्न दर सुट्टीत त्याच्याच घरी येत होतं आणि जेवणाच्या टेबलावर समोर बसून त्याच्या चुका काढत होतं.

पुढचं सगळं सर्जनबाईंनी धडाक्याने केलं. फाज शुद्ध झाला, सुरक्षित असल्याची खात्री झाली. परवानगी देणाऱ्या समितीने विचारलं, "या नव्या फाजचा उगम कुठला?" जंतूडॉक्टर घाम पुसू लागला, तेवढ्यात सर्जनबाई म्हणाल्या, "न्यायव्यवस्था." समितीने पुढे काही विचारलं नाही. औषधांच्या जोडीने फाज जखमेत गेला. ताप उतरला, पू आटला, आणि जखमेच्या कडांना गुलाबी रंग आला.

जजसाहेबांनी परतीचं तिकीट रद्द केलं. "संशोधनाला माझी गरज आहे," ते मुलीला म्हणाले. फिरायला जाताना भेटेल त्याला ते थांबवून सांगत, "आमचे जावई मोठे शास्त्रज्ञ आहेत. म्हणजे, मूळ काम माझं आहे. ते मदत करतात."

ड्रायव्हर कुबडीच्या आधाराने चालू लागला तेव्हा बायकोला घेऊन घरी आला. जंतूडॉक्टरने नम्र चेहरा करून दार उघडलं. पण औषध जजसाहेबांकडून आलं, एवढं वॉर्डातल्या कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ती दोघं त्याला ओलांडून थेट जजसाहेबांच्या खुर्चीपाशी गेली.

"साहेब, तुमच्यामुळे माझा पाय वाचला," ड्रायव्हर म्हणाला. "पण औषध नेमकं कसलं होतं, हे कुणी सांगतच नाही. विचारलं की सगळे दुसरीकडे बघतात."

जंतूडॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागला. बायको लगबगीने स्वयंपाकघरात गेली.

जजसाहेबांनी घसा खाकरला. "घरगुती होतं," ते म्हणाले.

"तरीच गुण आला!" ड्रायव्हरची बायको म्हणाली. ती त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली. मग जरा संकोचून तिने विचारलं, "माझ्या भावाचीपण एक जखम बरी होत नाहीये. आणखी थोडं मिळेल का?"

"अहो, त्यात संकोच कसला?" जजसाहेब प्रसन्नपणे म्हणाले. "आदल्या दिवशी कळवा फक्त. ताजं देऊ."