फलाट क्रमांक शून्य

आमच्या शेजारचे खैरनार सकाळच्या पहिल्या चहाला चहा क्रमांक शून्य म्हणतात. दहाच्या सुमाराला मी चहाला हाक मारली की क्षणभर विचार करून सांगतात, "नको बाई, एक नंबर झाला." म्हणजे दोन कप पोटात गेलेले असतात. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला दोनच कप सांगितले आहेत. दोन नंबरच्या चहापर्यंत परवानगी आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला आहे.

मुलांनो, तुम्ही फोनवर मला विचारता, "आजी, ते खैरनार आजोबा खरंच कोडिंग करतात?" करतात. पण ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

खैरनार एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे, हे माइकवरून सांगायचे. नोकरीतून ते निवृत्त झाले, आवाज झाला नाही. दूधवाल्याला उशीर झाला की जिन्यात घोषणा होते, "दुधाची गाडी आज उशिराने धावत आहे." लिफ्टमध्ये चार माणसं शिरली की, "प्रवाशांनी गर्दी करू नये, मागून रिकामी गाडी येत आहे." गंगापूर रोडला आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या बायकोला, सुलभाताईंना विचारलं होतं, "तुम्हाला त्रास नाही का होत?" त्या म्हणाल्या, "छे हो! दिवसभर घोषणा करतात, पण बोलत काहीच नाहीत."

ते खरंच होतं. त्या घरात बोलायचं खातं सुलभाताईंकडे होतं. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर रविवारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तासभर मायलेकी बोलायच्या आणि शेवटी सुलभाताई फोन नवऱ्याच्या हातात द्यायच्या. खैरनार म्हणायचे, "बरी आहेस ना? ठेवतो."

मग सुलभाताई गेल्या, आणि फोन थेट खैरनारांच्या हातात आला.

"जेवलीस?"

"हो अण्णा. तुम्ही?"

"हो. थंडी?"

"आहे. तिकडे?"

"इकडे नाही."

एवढं झालं की दोघं पडद्यावर एकमेकांकडे बघत बसायची. हे मला त्यांनीच सांगितलं. एका सोमवारी दारात उभे राहून म्हणाले, "बाई, जन्मभर हजारो गाड्यांना हाका मारल्या मी. पोरीशी बोलायला गेलो की एक शब्द फलाटाला लागत नाही. काल म्हटलं, तुझं काम तरी काय असतं ते सांग. तर म्हणाली, जाऊ द्या अण्णा, ते नाही कळायचं तुम्हाला."

"मनाला लावून घेऊ नका हो," मी म्हटलं.

"लावून कशाला घेऊ? बरोबरच बोलली ती. कळत नाही, म्हणजे शिकलं पाहिजे. नाहीतर हा फोन महिन्याभरात बंद पडेल. ती चांगली पोर आहे म्हणून करत राहील, पण बंद पडेल."

त्याच आठवड्यात त्यांनी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. आजूबाजूला अकरावी-बारावीची मुलं, आणि मधल्या बाकावर इस्त्रीचा सफारी घातलेले खैरनार. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीला वाटलं, नातवाची चौकशी करायला आले आहेत.

महिनाभरात ते अ‍ॅरेपर्यंत पोचले आणि मला शिकवायला आले. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. अ‍ॅरे म्हणजे काय ते मला कुठून ठाऊक असणार? तेच म्हणाले, "अहो, सोपं आहे. एकच गाडी असेल तर तिला नाव पुरतं. पण गाड्या फार झाल्या की स्टँड बांधावं लागतं. ओळीने फलाट, प्रत्येक फलाटाला नंबर, प्रत्येक फलाटावर एक गाडी. नंबर सांगितला की नेमकी गाडी हजर. यालाच अ‍ॅरे म्हणतात. फक्त त्यांचा पहिला फलाट शून्य नंबरचा असतो."

"का बरं?"

"विचारलं मी. शिकवणारी म्हणाली, तसंच असतं काका. आमच्याकडे वरून आलेल्या परिपत्रकांचंही तसंच असायचं."

त्या दिवसापासून घरात सगळं शून्यापासून सुरू झालं. चहा, जिन्याच्या पायऱ्या, देवाच्या प्रदक्षिणासुद्धा. माझ्या इंग्रजीचा त्यांना उपयोग झाला तो वेगळ्याच कामी. प्रोग्राम चुकला की मशीन इंग्रजीत तक्रार करतं, आणि ती वाचायला ते लॅपटॉप उघडाच्या उघडा घेऊन, ताट आणावं तसा दोन्ही हातांवर धरून माझ्याकडे येत. एकदा आले ते लालबुंद होऊन. "बाई, हा मला आउट ऑफ रेंज म्हणतो."

मी चष्मा लावून वाचलं. "तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही नसलेल्या फलाटावर गाडी बोलावताय, असं म्हणतो."

"अस्सं! मग बरोबर आहे त्याचं." लगेच शांत झाले. त्यांनी शेवटचा आकडा एकाने कमी केला, तक्रार थांबली आणि ते खूश होऊन घरी गेले. मीही खूश झाले. इथेच आम्ही दोघं फसलो.

तो प्रोग्राम होता आमच्या इमारतीच्या गेल्या वर्षीच्या गणपतीचा. आरतीचा मान कोणत्या दिवशी कोणत्या घराला, हे दरवर्षी स्टीलच्या वाटीतल्या चिठ्ठ्या काढून ठरतं आणि दरवर्षी भांडण होतं. चिठ्ठ्यांच्या घड्या वेगळ्या होत्या, असा कुणाचा तरी आरोप असतोच. खैरनारांनी सभेत उभं राहून घोषणा केली, "यंदा आरतीच्या सर्व फेऱ्या संगणकावरून सुटतील." त्यांनी सगळ्या घरांचा अ‍ॅरे केला आणि मशीनने पाडलेल्या पाळ्यांचा छापील कागद लिफ्टशेजारी चिकटवला.

अर्ध्या तासात तळमजल्यावरच्या भामरे काकू कमरेवर हात ठेवून वर आल्या. त्या सटाण्याकडच्या. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण राग आला की पहिलं वाक्य थेट माहेरच्या अहिराणीत.

"आमनं घर कोठे शे?" त्यांनी विचारलं.

खैरनारांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. भामऱ्यांचं घर नव्हतं.

"सगळ्यांचं नाव आहे. जोश्यांचं दोनदा आहे. आम्ही काय इथे धर्मशाळेत उतरलो आहोत?"

"काकू, हे मी नाही केलं. संगणकाने केलं."

"संगणकाला काय माहीत कोण भामरे! तुम्हालाच माहीत!"

भामरे काकूंनी मग जाहीर केलं की यंदा त्यांच्याकडचे मोदक खाली येणार नाहीत. त्यांचे मोदक ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळेल. सेक्रेटरींनी कागद फाडला आणि स्टीलची वाटी परत बाहेर निघाली.

रविवारी मनीषाचा फोन आला. आमच्या दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ भिंत आहे, आणि खैरनार फोनवरही फलाटावरच्या शेवटच्या प्रवाशाला ऐकू जाईल असं बोलतात, त्यामुळे मी मुद्दाम ऐकलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी झालेली फजिती सांगितली. भामरे काकूंची नक्कलही केली. पलीकडून मनीषा हसायला लागली, ती थांबेचना.

"अण्णा, प्रोग्राम दाखवा बघू. जरा वर घ्या. हां, हे बघा! तुम्ही मोजायला एकपासून सुरुवात केलीत. शून्य फलाटावर कोण होतं?"

"तळमजला," खैरनार खोल आवाजात म्हणाले. "अरे देवा. भामरे काकू शून्यावर उभ्या राहिल्या आणि मी त्यांची गाडी पुकारलीच नाही. त्यांची फेरी जोश्यांना गेली."

घरात सगळं शून्यापासून मोजणारा माणूस, आणि नेमका तिथेच एकपासून मोजून बसला! त्या दिवशी फोन इतका लांबला की दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन भामरे काकूंची माफी मागितली. सेक्रेटरींना सांगून पहिल्या आरतीचा मान त्यांना दिला, मोदक खाली आले, आणि खैरनारांना एक गोष्ट नक्की कळली. चूक झाली की पोर बोलते.

मग दर रविवारी एकेक अडचण मनीषाकडे जायला लागली. एकदा लॅपटॉप बंद केला आणि अ‍ॅरेत भरलेलं सगळं नाहीसं झालं. "स्टँड कुणी झाडून काढलं?" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मनीषाने समजावलं की अ‍ॅरे प्रोग्राम चालू असेपर्यंतच, टिकवायचं असेल तर फाइलीत लिहून ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, फाइल म्हणजे डेपो! स्टँडवर गाड्या कायमच्या कुठे राहतात? काम संपलं की डेपोत न्यायच्या, सकाळी परत आणायच्या. चाळीस वर्षं हेच तर केलं."

यंदा पावसाळ्यात त्यांनी गच्चीवर पाऊस मोजायची काचेची नळी बसवली. रोजचा पाऊस फाइलीत लिहायचा आणि प्रोग्रामने तो वाचून बेरीज सांगायची. गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी मी कोथिंबिरीच्या वड्या घेऊन गेले, तर लॅपटॉपपुढे गाल हातावर टेकून बसलेले.

"काय झालं?"

"चालला."

"काय चालला?"

"प्रोग्राम. दुपारपासून बघतोय. सगळं वाचतो, बेरीज बरोबर करतो, फाइल बंद करतो. एक चूक नाही."

"मग पेढे द्या की!"

"पेढे काय बाई! उद्या रविवार आहे. विचारू काय तिला?"

मी म्हटलं, "असंच बोला की. आता वर्ष झालं, सवय झाली असेल."

"नाही हो. मागे एका रविवारी शंका नव्हती. जेवलीस, जेवले, थंडी, आहे. तिथेच आलो पुन्हा." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मघाशी मुद्दाम एक कंस खोडून बघितला. पण मशीन लगेच ओरडतं, अमक्या ओळीत कंस नाही म्हणून. ती म्हणेल, वाचा ना अण्णा, लिहिलंय की. दोन मिनिटांत संपलं."

मी वड्या बाजूला ठेवल्या, खुर्ची ओढली आणि चष्मा लावला. सगळी नोकरी मी मुलांच्या चुका काढल्या. घालायला बसले ती पहिल्यांदाच. सोपं काम नाही ते.

"फार ढोबळ नको," खैरनार म्हणाले. "तिला वाटेल अण्णा थकले. एकदा काळजी करायला लागली की डॉक्टर आणि गोळ्या, याच्यापुढे जात नाही."

"आणि मशीनला पकडता येईल अशीही नको."

"बरोबर. गाडी निघाली पाहिजे, पण भलत्याच गावाला पोचली पाहिजे."

शेवटी त्यांनाच सुचलं. फाइलीतून आलेला आकडा मशीनला आकडा वाटत नाही, नुसती अक्षरं वाटतात. हे आकडे आहेत, असं त्याला बजावून सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर बारा आणि आठ यांचे तो वीस करत नाही, बाराला आठ चिकटवून एकशे अठ्ठावीस करतो. आम्ही ते बजावणं काढून टाकलं. बटण दाबलं, तर नाशिकच्या पावसाचा आकडा पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि खाली वळला.

"छान," मी म्हटलं. मुलांच्या वहीवर लिहायचे तसंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते.

"अण्णा! एवढा पाऊस? पंचवटी आहे का जागेवर?"

"आहे, आहे. पण चूक काही सापडत नाही बुवा," खैरनार म्हणाले. नाटकात त्यांनी कधी काम केलेलं नाही, हे त्या एका वाक्यात कळत होतं.

मनीषा वाचत राहिली. मग म्हणाली, "फाइलीतल्या आकड्यांना आकडे म्हणून सांगायचं राहिलंय. पण अण्णा, हे तर मागे तुम्हीच मला समजावून सांगितलं होतं. डेपोतून आलेल्या गाडीला पाटी नसते, म्हणाला होतात."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"हो का?" खैरनार म्हणाले. "विसरलो असेन."

"असू दे," मनीषा म्हणाली. आवाज हसरा होता. "विसरत जा अधूनमधून."

मला वाटलं, आता ठेवतील. पण भांड्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "अण्णा, आई कढी करायची तेव्हा फुटायची नाही. माझी दरवेळी फुटते. आत्ता गॅसवरच आहे. ती काय करायची, आठवतं?"

"करायची काही नाही. मी ओट्याशी पेपर वाचत बसायचो ना, तेव्हा बघायचो. उकळी येईपर्यंत तिचा हात थांबायचा नाही. मी काही विचारलं, तरी मान हलवायची, पण हात नाही." मग ते म्हणाले, "फोन असा टेकवून ठेव, मला भांडं दिसेल असा. हं. ढवळ आता."

"किती वेळ?"

"ढवळ तू. मी आहे इथे."

हे ते घोषणेच्या आवाजात म्हणाले नाहीत. कसंबसं ऐकू आलं मला. मी तांब्या खाली ठेवला आणि बाल्कनीचं दार हळूच लोटून घेतलं.