पंचावन्न किलोचा पाहुणा

अकोल्याच्या कबड्डी स्पर्धेत पंचावन्न किलोचा गट होता. एक ग्रॅमही जास्त चालणार नाही, असं पत्रिकेवर ठळक छापलं होतं. घरच्या काट्यावर माहं वजन बरोबर पंचावन्न. म्हणजे मी पात्र होतो. फक्त अमरावती ते अकोला कोनाच्या घरी पाय ठेवायचा नोता.

शाळा मी नववीतच सोडली. आमचं फुलाहाराचं दुकान आहे. बाबा म्हणे, "चंदन, या खेपेस खेळून दाखव. नाही तं सोमवारपासून दुकानात हार गुंफत बस." मले हार गळ्यात पाहिजे होता, मांडीवर नाही. म्हणून महिनाभर काकडी अन उकडलेली मटकी खाऊन राहिलो होतो.

निघताना माय म्हणे, "मूर्तिजापुरात उतर, आत्याले भेटून जाय. तसाच गेला तं वर्षभर मले बोलन ते."

दुर्गाआत्यानं दारातच ताट आणलं. पुरणपोळी, तूप, भजे.

"आत्या, मी डाएटवर आहो."

"असन बाप्पा. आधी जेवून घे, मंग राय डाएटवर."

"नको ना वं."

"लाजते पोट्टा," आत्यानं शेजारणीले सांगितलं अन दुसरी पोळी टाकली.

आमच्याकडं 'नको'ची कार्यपद्धती ठरलेली आहे. पयला नको म्हणजे संस्कार. दुसरा नको म्हणजे लाज. तिसरा नको म्हणजे अपमान. नकाराची तरतूद कुठंच नाही.

मी तिसऱ्यावर आलो तं आत्यानं डोळ्याले पदर लावला. "भावाच्या पोराले माह्या घरचं अन्न गोड लागत नाही."

माहं डोकं सटकलं. "आत्या, मले कावीळ झाली!"

पोळी गेली. भजे गेले. तुपाची वाटी शेजारणीनंच उचलली. डाएटले आमच्याकडं कोनी विचारत नाही, पण रोगाले मान आहे. मले वाटलं, सुटलो.

तेवढ्यात आत्याचा नवरा, शालिकराम मामाजी, उसाच्या रसाची बरणी घेऊन आले. "काविळीले याच्यावानी औषध नाही. बिनबर्फाचा आहे. पे."

"मामाजी, नको."

"औषधाले नको म्हणते काय बे?"

जेवणाले तरी तीन नको असतात, औषधाले एकही नाही. प्यालो. शेजारीन खडीसाखर घेऊन आली, तेही चघळली. आत्यानं बसमधी बसवून देताना कंडक्टरले सांगितलं, "पोराले कावीळ आहे, पाहजा भाऊ." कंडक्टरनं पाह्यलं अन सगळ्या बसले सांगितलं. मंग काय! कोनी फुटाणे दिले, कोनी मोसंबी सोलली. एका बुवानं मनगट धरून सांगितलं, "उतार पडून राह्यला, पण रस सोडू नको." अन बोरगावच्या थांब्यावर खाली उतरून रसाचा मोठा गिलास आणला. एवढी माया मले निरोगी असताना कोनी केली नोती.

अकोल्यात मैदानावर आमचा कॅप्टन धर्मेंद्र वाट पाहून राह्यला होता. वजनासाठी बाजार समितीतून काटा आणला होता, ज्याच्यावर कापूस मोजतात तो. आयोजन समितीचे अध्यक्ष किसनराव स्वतः कापसाचे व्यापारी. मी चढलो अन काटा पंचावन्नावर न थांबता पुढं गेला.

"बाद," किसनराव म्हणे.

"किसनराव, रस आहे तो! घंटाभरात निघून जाईन."

"काट्याले काय मालूम, रस किती अन पोट्टा किती?"

"कापसातली ओल बराबर मालूम पडते तुमच्या काट्याले! तिथं ओलीपायी शेतकऱ्याच्या मापातून किलो-दोन किलोची कट्टी कापता नं? मंग माह्यातूनही कापा!"

लोक हसले. किसनराव हसले नाही. त्यायनं समितीले बाजूले नेलं, गंभीर चर्चा केली अन परत आले. "मुद्दा ग्राह्य आहे. ओलीची कट्टी कापता येईन. पण रस एवढा काहून पेला, ते नोंदवा लागते."

मी तोंड उघडायच्या आधीच धर्मेंद्र म्हणे, "साहेब, त्याले कावीळ आहे नं! तरी खेळाले आला, पाहा!" आत्याचा फोन मायले अन मायचा याले पोचला होता.

समितीच्या खुर्च्या एकदम मागं सरकल्या. "आजारी खेळाडू चालत नाही."

"खोटं आहे ते! आत्यानं जेवू घालू नये म्हणून बोललो. ठणठणीत आहो मी!"

किसनरावचा चेहरा खुलला. "कावीळ नाही? मंग रस औषध नाही, आहार झाला. आहारावर कट्टी बसत नाही. बाद."

"म्हणजे आजारी असलो तरी बाद, नसलो तरी बाद?"

"नियम सगळ्यायले सारखा आहे," किसनराव म्हणे. मंग खांद्यावर हात ठेवला. "चिडू नको लेका. तिकडं मंडपात जेवण आहे. दोन घास खाऊन जाय."

"नको."

"लाजते," ते समितीले म्हणाले.

सोमवारी मी दुकानात बसलो. मांडीवर हार. पयलं गिऱ्हाईक आलं, संगं बायको, हातात पेढ्याचा डबा. "घे रे, पोरगी पास झाली."

"नको काका."

त्यायनं माह्या हातात दोन पेढे कोंबले अन बायकोले म्हणाले, "लाजून राह्यला."

गिऱ्हाईक कोन होतं, ते मी सांगत नाही. तुमी हसून राह्यले, म्हणजे तो डबा तुमचाच होता, हे तुमाले आठवलंच असन.