मोरलच्या पारडीचा पहिला चीक

मोरल म्हैस रात्रभर चरून धुक्यातून घरी आली, तेव्हा तिच्या मागोमाग एक ओली, काळीभोर पारडी लटपटत येत होती. हुरबाई हातातला रोटला तव्यावर तसाच टाकून धावली. कच्छच्या बन्नी कुरणातल्या म्हशी बिनगुराख्याच्या चरायला जातात, त्यामुळे असल्या बातम्या घरच्यांआधी गवतालाच कळतात.

ती पारडीला कासेला लावणार, तोच तिचा नवरा जुसब बाहेर आला आणि त्यानं पारडी खुंट्याला बांधून टाकली. जार, म्हणजे व्याल्यानंतरची वार, पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, हा त्याच्या बापाचा नियम. आधी पाजला तर जार आतच अडकते, असं तो बाप सांगत असे.

"आणि तोवर ही गेली तर?" हुरबाई म्हणाली. "पहिला चीक वेळेवर पोटात गेला नाही की पिल्लू जीव धरत नाही. मागचा टोणगा असाच गेला."

"तो थंडीनं गेला."

"भर उन्हाळ्यात?"

तेवढ्यात वस्ती गोळा झाली. म्हैस व्याली की उरलेला चीक घरोघर वाटायचा, ही तिथली रीत. त्यामुळे जो तो लोटा घेऊन आलेला. जुसबनं सगळ्यांसमोर बापाचा नियम ठणकावून सांगितला. आता चारचौघांत दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा?

"अदा, नियम मोरलला ठाऊक आहे ना?" हुरबाईचा भाऊ सुमार जुसबला म्हणाला. "नाहीतर बिचारी उगाच उभी राहायची."

जुसब खुंट्याशेजारी खाट टाकून पहाऱ्याला बसला. लोटे रांगेत बसले. मोरल नुसतीच बघत राहिली. पारडीचा आवाज बारीक होत होत माशीएवढा झाला. हुरबाईनं दोनदा विनवलं, मग ती गोधडी अंथरून पारडीजवळ बसली.

दुपार झाली. बन्नीतली दुपार अशी जड, की उडता बगळा हवेतच डुलकी घेतो आणि जागा होतो तो सरहद्दीपलीकडे. रणातलं मृगजळ सावली शोधत वस्तीत शिरलं. लोट्यांच्या कडेनं एकेक मान कलली. हुरबाईही गोधडीवर आडवी झाली.

मग खाट हळूच करकरली. जुसब अनवाणी उठला. त्यानं दावं सोडलं, पारडीला पोटाशी धरून कासेपाशी नेलं, आणि पिवळ्या चिकात बोट बुडवून तिच्या तोंडात घातलं.

"पी, बाय," तो कुजबुजला. "माझ्या बापाला सांगू नकोस."

पारडीनं धरलं ते सोडलंच नाही. ती ढुसण्या देत पीत गेली, आणि तिच्या त्या ओढीनंच की काय, मोरलनं पाठ वाकवली आणि जार अलगद खाली आली. जुसबनं घाईघाईनं पारडी बांधली, खाटेवर पडून थोडं घोरून घेतलं, मग उठून जाहीर केलं, "पडली जार. बघितलंत? धीर धरावा लागतो. आता पाजा."

हुरबाईनं पारडी सोडली. टम्म फुगल्या पोटाची पारडी कासेकडे पाठ करून जांभई देत बसली. कुणी हसलं नाही. हुरबाईनं ओढणीच्या टोकानं आधी पारडीचं तोंड पुसलं, मग नवऱ्याची पिवळी दाढी.

तेव्हापासून जुसबकडे म्हैस व्याली की तो बापाचा नियम तितक्याच ठणठणीत आवाजात सांगतो, आणि सकाळचे सात वाजलेले असले तरी सगळी वस्ती ताबडतोब गाढ झोपते.