मोघेकाकांची उजवी चप्पल

मोघेकाका राहतात सिडनीतल्या क्वेकर्स हिलमध्ये, आमच्या कुंपणापलीकडच्या विटांच्या नव्याकोऱ्या घरात. पण ते "आमचं घर" म्हणाले की समजायचं, इंग्लंडमधल्या एका तीनशे वर्षं जुन्या फार्महाऊसबद्दल बोलताहेत. ते घर त्यांचं नाही. त्यांनी ते पाहिलेलंही नाही. त्यांची लेक सई आणि जावई तिथे भाड्याने राहतात, एवढाच काय तो संबंध!

लॉकडाऊनमध्ये सगळे ब्रेड भाजत बसले, काका त्या घराचा इतिहास काढत बसले. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. सईकडून खोल्याखोल्यांचे फोटो मागवले, इंटरनेटवर तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या. आणि रोज सकाळी, माझी मीटिंग सुरू व्हायच्या बरोबर आधी, कुंपणावरून हाक.

"वैशाली, अगं शोध लागला! स्वयंपाकघर म्हणजे आधीचा गोठा!"

"काका, मला मीटिंग आहे."

"असू दे गं. गाईंच्या उबेने वरची खोली गरम राहायची. सई नेमकी तिथेच झोपते. आता गाई नाहीत, म्हणजे पोरीला थंडी वाजणार. आहे की नाही?"

"आहे की नाही?" हे त्यांचं पालुपद. उत्तर ऐकायला ते थांबत नसत. माझी मुलगी त्यांना "काऊ अंकल" म्हणायची. मी तिला दटावायचे, पण मनातून मलाही नाव पटलं होतं.

मग सईला दिवस गेले. काकू गेल्यापासून काकांना तिच्याशिवाय कोणी नाही. बाळंतपणाला जायचं, तर करोनामुळे सीमा बंद, देशाबाहेर जायची परवानगीच मिळेना. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार. तसा काकांच्या इतिहासाला आणखी जोर चढला.

एका सकाळी मात्र कुंपणावर लालबुंद चेहरा.

"जावयाने घात केला! धुराडं साफ करताना जुना बूट सापडला, लहान मुलाचा. कचऱ्यात टाकला या दीडशहाण्याने!"

"बरं केलं की."

"बरं काय? तिकडच्या जुन्या लोकांची रीत आहे ती. वाईट काही घरात शिरू नये म्हणून वापरलेला बूट धुराड्यात लपवायचे. आपल्याकडे ट्रकमागे चप्पल टांगतात ना, तसंच. आणि नेमका आत्ता फेकला, बाळ येणार तेव्हा!"

"दुसरा ठेवा म्हणावं."

"वापरलेला लागतो. घरच्या माणसाचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोस्टात पिटाळलं. खोक्यात त्यांची अंगठा झिजलेली उजवी कोल्हापुरी. "जस्ट द वन, लव्ह?" काउंटरवरच्या बाईने विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! परत येऊन मी तावातावाने म्हटलं, "काका, काय हा वेडेपणा?"

काका हसले नाहीत. "मला सोडत नाहीत गं. चप्पल तरी पोचू दे."

पुढचे कित्येक दिवस मीटिंग गेली खड्ड्यात म्हणत मी गोठ्याचा इतिहास ऐकला.

पार्सल बाळाच्या आधी पोचलं. सईच्या व्हिडिओ कॉलवर काकांनी फोन कुंपणावर धरून मलाही दाखवलं. चप्पल धुराड्यात नव्हतीच, दाराशी होती.

"अगं सई, दारात नाही, धुराड्यात!"

"असू दे बाबा. येता-जाता दिसते. तुम्ही आत बसलाय असं वाटतं."



नात झाली. ती बसायला लागली तेव्हा कुठे सीमा उघडल्या. टॅक्सी दारात आली, मास्क लावलेले काका निघाले. हातातल्या पिशवीत डावी कोल्हापुरी.

"आता ही कशाला?"

"मग तिथे काय एका पायाने हिंडू?"

चार दिवसांनी फोटो आला. फार्महाऊसचं बुटकं दार, दाराशी दोन्ही चपला, दोन्हींना चिखल. खाली लिहिलं होतं, "आमचं घर. मी आत आहे. आहे की नाही?"

मीटिंग चालू होती, माइकही चालू होता. तरी मी मोठ्याने म्हटलं, "आहे, काका!"