शेजूळभाऊंची खातरजमा

लोक भाजीला जाताना पिशवी घेतात. आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी शेजूळभाऊ पिशवीसोबत वजनकाटा घेतात. हुक असलेला, हातात लटकवायचा, खिशात मावेल एवढा. उस्मानपुऱ्यातल्या भाजीवालीनं वांगी तोलून दिली की भाऊ तिच्यासमोरच ती पिशवी आपल्या काट्याला अडकवतात, डोळे बारीक करून आकडा बघतात आणि अगदी नम्रपणे म्हणतात, "मावशी, भरोसा हाय तुमच्यावर. पण खातरजमा केलेली बरी."

भाजीवाली आधी तोंडाचा पट्टा सोडायची. मग तिच्या लक्षात आलं, भाऊंनी मान डोलावली की मागं उभ्या बायका निमूट तिच्याकडूनच भाजी घेतात. आता ती त्यांना लांबूनच हाक मारते, आणि भाऊ काटा घरी विसरले असले तर तिचाच चेहरा पडतो.

भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. गाड्यांचे सुटे भाग येतात, ते मापायचे आणि नापास करायचे. पास करणं हेही त्यांचं काम आहे, पण त्याबद्दल ते कधी उत्साहानं बोलत नाहीत. मूळचे गंगापूरकडचे, गावाकडं ऊस. वहिनी कन्नडला दवाखान्यात नर्स. त्या आठवडाभर तिकडंच राहतात, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं येतात आणि सोमवारी सकाळी परत. त्यामुळं अस्मिताला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, वेण्या घालण्यापासून पालकसभेपर्यंत सगळं भाऊंनीच केलं. दोन्ही वेण्या सारख्या झाल्या का, हे ते फूटपट्टी लावून बघायचे. ही ऐकीव गोष्ट नाही, मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आता पाळ्यांची नोकरी, पोरीची शाळा, स्वयंपाक, नळाला पाणी यायच्या दिवशी टाकी भरायची धावपळ. एवढ्या व्यापात माणसाला छंद सुचतील कुठून? मी बँकेत नोकरी करते, एक मुलगा वाढवते, आणि माझा छंद विचाराल तर झोप. पण भाऊंना एक सोडून चार छंद. बाकीच्यांना छंद आवडीतून लागतात, यांना संशयातून लागले, एवढाच काय तो फरक.

शिवणकामाचंच घ्या. शिंप्यानं अस्मिताच्या गणवेशाला जेवढं कापड सांगितलं, तेवढं भाऊंना जास्त वाटलं. शिंपी कापड मारतो, असा त्यांना दाट संशय. मग वहिनींचं माहेरून आलेलं मशीन बाहेर काढलं, सुट्टीच्या दिवशी बसून बसून शिकले, आणि स्वतः स्कर्ट बेतला. कापड पुरलं नाही. मागच्या दोन चुण्या गायबच झाल्या. आम्हाला वाटलं, आता तरी भाऊ त्या शिंप्याची माफी मागतील. छे. ते कापडाच्या दुकानात गेले आणि त्यांचा गज तपासायला मागितला.

हार्मोनियमची कथा याहून भारी. अस्मिता गाण्याच्या क्लासला जायची. बाई पोरींना कधीपासून एकच सरगम घोटून घेतायत, पुढं काही सरकत नाही, असं भाऊंच्या मनानं घेतलं. खातरजमा करायला ते पहिली पाळी संपवून क्लासमध्ये मागं जाऊन बसायला लागले. नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनीही नाव घातलं. थोड्या दिवसांत अस्मिता कंटाळून क्लास सोडून मोकळी झाली, भाऊ मात्र तिथंच अडकले. अजून त्यांची सरगमच चालू आहे. बाईंबद्दलचा संशय खरा होता की काय, असं आम्हाला खालच्या मजल्यावर अधूनमधून वाटतं.

आणि गच्चीवरची मेथी. बाजारातली पालेभाजी नाल्याच्या पाण्यावर पिकवतात, हा संशय. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मेथी, पालक, कोथिंबीर. इथं आमच्याकडं पाणी येतं आठवड्यातून कधीतरी, आणि यांच्या गच्चीवर हिरवंगार. मग काय, इमारतीत कुजबुज सुरू झाली की शेजूळांनी नळाला थेट मोटार लावलीय. शेवटी आम्ही चौघं धीर करून वर गेलो. भाऊंचा अपमान होईल, भांडण होईल, अशी तयारी ठेवूनच गेलो होतो. पण भाऊ इतके खूश झाले की विचारू नका. स्वतः बॅटरी आणून दिली, पाइप दाखवला, तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्याच्या बादल्या दाखवल्या आणि म्हणाले, "चांगलं केलं तुम्ही. बघायलाच पायजे. मी बी तुमच्या खालचे पाइप बघून आलोय." कधी बघून आले, देव जाणे.

असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या लेकीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

वसतिगृह बघायला बापलेक गेले तेव्हाच तमाशा झाला. भाऊंनी खोलीची कडी वाजवून बघितली, पाण्याच्या टाकीवर चढले, खानावळीत जाऊन डाळ हुंगली. खोलीत जी दुसरी मुलगी राहणार होती तिच्या वडलांना गाव, भावकी, व्यवसाय असं सगळं विचारून झालं, तेव्हा त्या सद्गृहस्थांनी घाबरून विचारलं, "आपण पोलिसात का?" अस्मिता परत आली ती लालबुंद होऊन. वहिनी तेव्हा कन्नडला होत्या, म्हणून ती थेट आमच्याच घरी आली. मागोमाग भाऊ. माझ्यासमोर तिनं त्यांना सांगितलं.

"बाबा, मी जाईन. पण तुम्ही माझी तपासणी करायची नाही. न सांगता यायचं नाही, मैत्रिणींना फोन करायचे नाहीत, रेक्टरबाईंना काही विचारायचं नाही. हे जमणार नसेल तर मी इथंच कुठंतरी नाव घालते."

भाऊ बराच वेळ आमच्या टीपॉयचा पाय हलतो का ते बघत बसले. मग म्हणाले, "बरं."

"शब्द?"

"व्हय. शब्द."

मी मनात म्हटलं, आठ दिवस. फार तर पंधरा. माझे मिस्टर तर म्हणाले, शेजूळ पुढच्या गाडीनंच निघतील. आमच्या इमारतीतल्या एकाचाही त्या शब्दावर विश्वास नव्हता, आणि अस्मिताचाही नसावा. जाताना ती मला हळूच सांगून गेली, "मावशी, बाबा पुण्याला निघाले तर मला कळवा."

पण भाऊ निघाले नाहीत. पावसाळा सरत आला तरी निघाले नाहीत. पोरीचा फोन आला की "जेवलीस का" एवढंच विचारायचे. ती "हो" म्हणाली की "बरं." काय जेवलीस, कोणासोबत जेवलीस, काही नाही. मशीनवर कापड पडलं. हार्मोनियम ऐकू येईना, आणि खरं सांगते, ती भिकार सरगम ऐकू येत नाही म्हणून मला करमेना. एकदा तर भाजीवालीनं तोलून दिलेली भाजी त्यांनी तशीच पिशवीत टाकली. ती बिचारी मला विचारत होती, "साहेबांना बरं नाय का?"

आणि मग हे रविवारचं सुरू झालं. दर रविवारी संध्याकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि दोन-अडीच तासांनी परत यायचे. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, नवीन छंद हाय. कसला, ते सांगेनात. आठवड्यातून एक रविवार ती बाई नवऱ्याच्या वाट्याला येते, आणि नवरा नेमका त्याच दिवशी गायब. वहिनी माझ्याकडं येऊन बसल्या. त्या मोठ्या शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"ताई, यांनी सगळ्या दुनियेवर शक घेतला, पण मी यांच्यावर कधी घेतला नाय. आता यायला लागलाय बघा."

मी त्यांना धीर दिला, आणि त्या गेल्याबरोबर माझ्याच डोक्यात भुंगा शिरला. पुण्याला जातात म्हणावं तर एवढ्या वेळात कोणी जाऊन येत नाही. मग कुठं? मिस्टरांना म्हटलं, दुसरीच काही भानगड नसेल ना? ते पेपरातून तोंडही न काढता म्हणाले, "असेल तर त्या बाईची दया येते. आधी वजनकाट्याला लटकवली असेल."

पुढच्या रविवारी भाऊंची मोटारसायकल फाटकाबाहेर पडली, आणि वहिनींच्या कानावर घालून, घरी ब्रेड आणायचं निमित्त करून मी स्कूटी काढली. या वयात शेजाऱ्याचा पाठलाग करायची वेळ आली. तोंडाला ओढणी बांधली, अंतर राखलं, सिग्नलला रिक्षाच्या आड थांबले. मनात शंभर शंका. भाऊ कुठंही न वळता सरळ मध्यवर्ती बसस्थानकात शिरले.

संपलं, मी म्हटलं. पुण्याला निघाला हा माणूस. शब्द मोडला. आता अस्मिताला फोन करायचा की नाही? केला तर पोरगी बापाचं तोंड बघणार नाही, आणि नाही केला तर मीच तिला फसवल्यासारखं.

रविवारची संध्याकाळ म्हणजे पुण्याच्या फलाटावर ही गर्दी. सुट्टीला घरी आलेली पोरंपोरी परत निघालेली, खिडकीतून डबे आत जातायत, आया डोळे पुसतायत. त्या गर्दीत भाऊ बसच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. टायरावरून हात फिरवला, चपलेच्या टाचेनं ठोकलं, वाकून खाली बघितलं. मग ड्रायव्हरसाठी चहा घेऊन गेले. त्याला झोप झाली का, जेवण झालं का, विचारून घेतलं, आणि पुढचे दिवे लावून दाखवायला सांगितले. ड्रायव्हर ओळखीचा असावा. तो हसत म्हणाला, "काका, आज तरी कोणाला बसवायला आलात?"

"कोणाला नाय," भाऊ म्हणाले. बस सोडून ते पुढच्या बसकडं वळले आणि समोर मी. ओढणीसकट ओळखलं त्यांनी मला.

मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "ताई, शब्द मोडला नाय मी. तिची काहीएक चौकशी केली नाय. तुम्ही रेक्टरबाईंना विचारा पायजे तर."

"मग हे काय चाललंय, भाऊ?"

भाऊंच्या हाताला टायरची काळी माती लागली होती, ती इस्त्रीच्या शर्टाला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरला होता.

"दिवाळीला ती तिकडून गाडीत बसंल," ते म्हणाले. "तिथं जाऊन गाडी बघता येत नाय मला. म्हणून म्हणलं, इथून जी पोरं जातेत, त्यांची गाडी आपण बघावी. ही बी कोणाची तरी लेकरं हायेत. तिकडं बी असंल कुणीतरी, आपल्या पोरीची गाडी बघणारं."

"कोण असेल?" मी विचारलं.

"असंल की, ताई. कुणाचा तरी बाप असंल."

मला हुंदका आला. भर फलाटावर, तोंडाला ओढणी, आणि आत मी रडतेय. पुढच्या वर्षी माझा ओंकार बारावी होऊन असाच कुठल्या तरी गाडीत बसणार आहे. त्या गावात कोण असेल, याचा मी आजवर विचारही केला नव्हता.

पर्समधला फोन वाजला. वहिनी होत्या. सापडले का, म्हणाल्या. मी नाक पुसून सांगितलं, "सापडले. बाई नाही वहिनी, बस आहे. घरी आल्यावर सांगते." त्यांना काय समजलं कोणास ठाऊक.

कंडक्टरनं शिट्टी दिली, दुसऱ्या बसचा ड्रायव्हर वर चढला. भाऊ घाईघाईनं पुढच्या चाकापाशी वाकले आणि तिथूनच म्हणाले, "ताई, पलीकडच्या बाजूची चाकं राहिली बघा."

मला टायरातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी पर्स खांद्याला अडकवली, ड्रायव्हरला हातानं थांबायची खूण केली आणि पलीकडच्या बाजूला गेले.