इला, इळा आणि इल्ला

मुलीचं नाव असं ठेवणार की अख्ख्या वडगावात दुसरं सापडायचं नाही, हे मी मुलगी व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं! जाहीर म्हणजे चहाच्या गाड्यावर, शोरूममध्ये आणि घरच्या यंत्रमागाच्या खडखडाटात आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन.

मी महादेव. बेळगावात दुचाकीच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस सुपरवायझर. संध्याकाळी धुऊन-पुसून ठेवलेल्या गाड्या परत देताना मालकांची नावं पुकारायची, हे माझं काम. 'साईराज!' म्हणून पुकारलं की तीन जण एकदम किल्लीला हात घालतात. एकदा एकाची गाडी दुसराच घेऊन खानापूरला पोचला होता! तेव्हाच ठरवलं, आपल्या लेकराला पुकारलं की एकट्या त्यानंच वळून बघायला हवं.

बायकोशी, पूर्णिमाशी, करार झाला होता. मुलगा झाला तर नाव तिनं ठेवायचं, मुलगी झाली तर मी. मुलगी झाली. मी दवाखान्यातच छाती फुगवून सांगितलं, "इला! इला म्हणजे पृथ्वी. दोनच अक्षरं. सही करायलाबी सोपं!"

पूर्णिमा खाटेवर उठून बसली. "अवो, माझं म्हायेर सदलग्याचं. आमच्या घरात समदी कन्नड बोलत्यात. कन्नडमध्ये 'इल्ला' म्हंजे 'न्हाई'. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय की. पन त्यात ल ला ल जोडलाय. आपल्या नावात एकच ल हाय."

"बोलताना कोन ल मोजत बसतंय?"

"लोक हुशार असत्यात गं!" मी म्हणालो. लोकांवर एवढा विश्वास मी त्याआधी कधी टाकला नव्हता, पुढेही टाकणार नाही.

घरी आईला नाव सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"इळा? गवत कापायचा?"

"इळा न्हवं आई, इला!"

"त्येच की. पुढची झाली की खुरपं ठेव!"

आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, ते मलाच कळलं नाही. आप्पांचं तर वेगळंच. माग चालवून चालवून त्यांचे कान केव्हाच रिटायर झालेत. ते म्हणाले, "किल्ला? येळ्ळूरचा?"

"किल्ला न्हवं आप्पा! इला! म्हंजे पृथ्वी!"

"पृथ्वी व्हय? झ्याक हाय. पन पोरगी झालीया न्हवं?"

चिकोडीला दिलेली माझी थोरली बहीण सुवर्णाआक्का. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. तिनं फोनवर नाव ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. हे अर्धं झालं. म्होरचं काय?"

मी डगमगलो नाही. पण डोस द्यायला बाळाला घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या सिस्टरबाईंनी विचारलं, "हेसरु?" म्हणजे नाव.

"इला."

"अजून ठेवलं न्हाई? मग नुसतं बेबी म्हणते."

"इट्टेवि री! इला!" मी माझ्या शोरूमी कन्नडमध्ये ठणकावलं. म्हणजे काय, 'ठेवलंय हो! नाही!' बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की सुई बाळाला टोचायची की बापाला, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

एवढ्यावर शहाण्या माणसानं नाव बदललं असतं. मी पाळण्याची ऑर्डर दिली!

बारशाच्या आदल्या दिवशीची सकाळ. माझ्या सासूबाई बायाक्का, मी त्यांना मामी म्हणतो, बाळंतपणाला आमच्याकडेच होत्या. म्हशीची सोय लावायला म्हणून सदलग्याला गेल्या होत्या आणि बारशाला सगळ्यांना घेऊन येणार होत्या. त्यांचा पूर्णिमाच्या मोबाइलवर फोन आला. पूर्णिमा माडीवर बाळाला शेक देत होती. मी उचलला.

"कूसु एल्लि?" मामींनी विचारलं. बाळ कुठाय?

आता एवढं सुंदर नाव असताना बाळ काय म्हणायचं? मी ठसक्यात म्हणालो, "कूसु अल्ला मामी, इला!" बाळ नव्हे मामी, इला म्हणा!

पलीकडून एकदम घाबरा आवाज, "मनियाग इल्ला?"

मला वाटलं, इला घरात आहे का म्हणून विचारताहेत. "हौदु, हौदु! मनियाग इला!" हो, हो, घरात इला!

"आनि पूर्णिमा?" मामी मराठीवर आल्या.

मी मात्र कन्नड सोडलं नाही. "पूर्णिमानू इला जोडी!" पूर्णिमाही इलाबरोबर!

पलीकडून असा हंबरडा आला की मला वाटलं, म्हशीनं लाथ मारली! फोन कट झाला. म्हैस आवरली की करतील परत, म्हणून मी तो मोबाइल खिशात टाकला आणि स्कूटरवरून पाळणा आणायला शहापूरला गेलो. खिशात तो गुरगुरत राहिला. स्कूटरचं इंजिन गुरगुरतंय, असं समजून मी गल्लोगल्ली तिचा आवाज ऐकत चाललो. सुपरवायझर ना मी!

पुढचं मला नंतर कळलं. मामींनी घरात सांगितलं, जावई स्वतःच्या तोंडानं म्हणतोय, बाळ घरात नाही आणि पूर्णिमाही नाही. म्हणजे भांडण झालं! म्हणजे माझी लेक पोर घेऊन घराबाहेर पडली! मेहुणा ज्योतिबा पूर्णिमाला आणि मला फोन लावून दमला. मग त्यानं चिकोडीला सुवर्णाआक्काला लावला. आक्कानं तडक आईला.

"आई, इला घरात न्हाई म्हनं?"

"न्हाई गं. शेजारच्या मालुबाईनं न्हेलाय."

"मालुबाईनं?"

"व्हय. मागितला तरी द्येईना झालीया."

"आनि तू गप बसलीस?"

"भांडून काय उपेग, सुवर्णा? लई दिसाचा झालता. नवा घिऊ की!"

घाबरलेल्या माणसाला 'न्हेला' आणि 'न्हेली' यातला फरक कळत नाही. आक्कानं फोन टाकला, पदर खोचला आणि सदलग्याहून निघालेल्या जीपमध्ये चिकोडीत चढली.

सुताराच्या ठोकाठोकीत पाळणा पुरा होईपर्यंत दुपार झाली. मी स्कूटरला पाळणा बांधून गल्लीच्या तोंडाशी आलो, तर पुढं जायला वाट नाही. माणसंच माणसं! मालुबाईच्या दारात सदलग्याची जीप. जीपमधून सासरची सगळी फौज उतरलेली. पुढं सुवर्णाआक्का.

"मालुबाई, आमची इला दे मुकाट्यानं!"

आतनं मालुबाई आली. हातात लखलखीत इळा! "ह्यो घ्या तुमचा इळा! उलट धार लावून देतीया! एका इळ्यासाठी जीप भरून मानसं आनायला काय झालं?"

बाई धारदार इळा परजत येतेय, एवढंच मामींना दिसलं. त्या किंचाळल्या आणि मटकन खाली बसल्या. ज्योतिबा इळा हिसकावायला धावला, तो शेळीच्या दाव्यात अडकून मालुबाईच्या पायावरच आडवा झाला. "पाया पडू नगो बाबा," मालुबाई म्हणाली, "न्हेलावता मी, चूक माजीच!"

तेवढ्यात ज्योतिबाची नजर माझ्यावर पडली. तो उठून आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. एरवी हा पोरगा माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही!

"दाजी, आमची आक्का कुठं हाय?"

"घरात."

"आनि पोरगी?"

"इला? घरात इला!"

"बगा! बगा! परत त्येच म्हनतोय!" तो गर्दीकडे बघून ओरडला. सगळे माझ्याकडे वळले. मी काय केलंय, हे त्या गल्लीत माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं!

"अवो, काय लावलंय ह्ये? आत्ता कुठं झोपलीवती न्हवं!"

वरून आवाज आला. माडीच्या गॅलरीत पूर्णिमा उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं आणि कडेवर, आवाज न करता जांभई देत, माझी पृथ्वी.

मामी उठल्या. पायात एकच चप्पल, तशाच जिना चढल्या. मागोमाग मी गेलो. त्यांनी बाळाला घेतलं, गाल गालाला लावला आणि रडायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. सदलग्यापासून या बाईनं काय काय मनात आणलं असेल, ते मला तेव्हा कळलं. माझी सगळी ऐट उतरली.

"मामी, नाव बदलतो," मी म्हणालो. "तुमी म्हनाल ते ठेवू."

लगेच दारातनं नावं यायला लागली. सौम्या! मंगला! कुणीतरी आपल्या वारलेल्या आजेसासूचं नाव सुचवलं. मामींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, डोळे पुसले.

"येनारे इडरि," त्या म्हणाल्या. "कूसु ऐति. साकु." काहीही ठेवा. बाळ आहे. बास.

पूर्णिमा मला म्हणाली, "घ्या. जितलासा!"

जिंकलो होतो खरा. पण जिंकलेल्या माणसाला सगळे हसत का होते, तेवढं कळेना.

दुसऱ्या दिवशी बारसं झकास झालं. घुगऱ्या झाल्या, पाळणा म्हणून झाला, आक्कानं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं. मग मी माइक हातात घेतला. मराठीत सांगितलं, टाळ्या पडल्या. सदलग्याहून सकाळी आणखी एक गाडी भरून पाहुणे आले होते. त्यांच्यासाठी दुसऱ्या भाषेत पुकारलं, "मगळ हेसरु, इला!" मुलीचं नाव, इला!

सदलगा चटईवर बसून होता. माना डोलल्या. कुणी उठेना. आत पुऱ्या निवत होत्या, गोड कुंद्याची ताटं वाट बघत होती. हे लोक कशाची वाट बघताहेत, कळेना. शेवटी त्यांच्यातले सगळ्यांत वडीलधारे आण्णाप्पाकाका घसा साफ करून म्हणाले, "जावईबापू, नाव इल्ला म्हंता. मग आमी कशाला बसलोय?"

"काका, इला अंत हेसरु ऐति!" मी कळवळून म्हणालो. बोलून झाल्यावर कळलं, मी सांगितलं होतं, 'नाही' असं नाव आहे!

काकांनी थोडा विचार केला. शेजारच्या पाहुण्याशी मसलत केली. मग अगदी सावकाश विचारलं, "ऐति म्हंता, इल्ला म्हंता. ते ऱ्हाऊ दे. ऊटा ऐति की इल्ला, तेवढं सांगा." जेवण आहे की नाही?

"ऊटा ऐति!" मी माइकमध्ये ओरडलो.

अख्खा सदलगा एका झटक्यात उठला. सगळ्या बारशात माझं हे एकच वाक्य दोन्हीकडच्या पाहुण्यांना पूर्ण आणि बिनचूक कळलं!