पाचशे मीटरच्या आतलं बिऱ्हाड

नगररचना खात्यातल्या नकाशेवाल्याला अख्खं ऑफिस ‘तंद्री’ म्हणायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. दुपारचं ऊन टेबलावर आलं की समोरच्या नकाशातले रस्ते त्याला हळूहळू वाहताना दिसायचे. कागदावरच्या चौकोनी घरांतून कोणी खिडकी उघडतंय, कोणी कपडे वाळत घालतंय, असं वाटायचं. अशा माणसाच्या हाती शहर द्यायचं म्हणजे कमालच! पण दिलं होतं खरं.

सध्या नवा नियम आला होता. स्टेशनपासून किंवा बसच्या थांब्यापासून पाचशे मीटरच्या आत एका घरावर मजले चढवून चार बिऱ्हाडं करायला मुभा. वर्तुळाबाहेर मात्र जुनंच, एक प्लॉट, एक स्वयंपाकघर. तंद्रीचं घर जवळच्या थांब्यापासून भरलं पाचशे चाळीस मीटर. त्याने तीनदा मोजलं. सज्जन गडी, कंपास तसूभरही सरकवला नाही. पण जीव तुटला. त्याला लहानाचं मोठं करणारी ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहत होती. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, तेव्हा शेजाऱ्यांना कळायला दुपार झाली. तिला वरच्या मजल्यावर आणायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

“एका घरात दोन स्वयंपाकघरं? मुळीच नको,” बायको म्हणायची. “नियम नाही म्हणतोय ना? मग झालं तर!”

साहेबांकडून नकाशा तपासून परत आला. त्याच्या घराजवळच्या कोपऱ्यावर साहेबांनी पेन्सिलीने एक टिंब काढून शेजारी लिहिलं होतं, ‘थांबा’. तंद्री त्या शब्दाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने अलगद कंपास टेकवला आणि शाईने वर्तुळ फिरवलं. घर आत आलं. त्याचे डोळे भरून आले.

साहेबांची सही होऊन हरकती नोंदवण्यासाठी नकाशा ऑफिसच्या व्हरांड्यात लागला. हरकत कुणाचीच आली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एक निवृत्त मास्तर छत्री घेऊन त्या कोपऱ्यावर उभे राहिले.

“इथे बस थांबते?” कोणीतरी विचारलं.

“नकाशात आहे,” मास्तर म्हणाले.

विचारणारा त्यांच्या मागे उभा राहिला. चौथ्या दिवशी रांग अकरा जणांची झाली. बस रोज तिथूनच भुर्रकन जायची. एवढे हात वर झालेले बघून ड्रायव्हरने ब्रेक दाबला. आठवड्याभरात बसखात्याने खांबही रोवला, नकाशात होता म्हणून.

मग साहेबांनी तंद्रीला बोलावलं.

“हे काय आहे?” नकाशातल्या टिंबावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

“थांबा, साहेब.”

“बरं, थांबलो. काय आहे?”

“थांबा.”

“अहो, किती थांबू?”

“साहेब, तुम्हीच लिहिलंय. थांबा.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “मी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं हो! तिथल्या रस्त्याच्या रुंदीबद्दल बोलायचं होतं! आणि या वर्तुळात घर कोणाचं येतंय? तुमचं! लोक काय म्हणतील?”

“खोडतो, साहेब,” तो कसाबसा म्हणाला.

दोघे कोपऱ्यावर गेले. झाडाखाली रांग शांत उभी होती, जणू कित्येक वर्षं तिथेच असावी.

“इथे थांबा नाही!” साहेब ओरडले.

“मग आम्ही काय करतोय?” मास्तरांनी विचारलं.

तेवढ्यात बस आली, थांबली, आणि पिशवी सांभाळत उतरली ती ताई! साहेबांनी बसकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. ‘थांबा’ हा शब्द आपल्याच अक्षरात आहे आणि नकाशावर सहीही आपलीच आहे, हे वरिष्ठांना कसं समजवायचं, याचाही त्यांनी विचार केला असावा.

“बस थांबते म्हणजे थांबा आहे,” ते हळूच म्हणाले. “राहू द्या.”

तंद्रीला आभाळ ठेंगणं झालं. “ताई, आता तुला वरचा मजला!”

“वेडा की काय तू?” ताई म्हणाली. “घरापासून एका बसमध्ये आले. आता रोज येईन. मजला कशाला हवाय?”

पण रात्री ती पुन्हा एकटीच असणार होती.

ताई खरंच रोज आली. पहिल्या बसने यायची, शेवटच्या बसने जायची. मधला सगळा वेळ स्वयंपाकघरात. डबे हलले, फोडणी बदलली, कणीक पुन्हा मळली गेली. नवव्या दिवशी बायको कोरा कागद आणि पट्टी घेऊन तंद्रीसमोर बसली.

“अहो, वरचा मजला काढा.”

“पण तू तर नको म्हणत होतीस. आणि ताईही नको म्हणतेय.”

“ताईंना मी बघते. तुम्ही आधी त्यांचं स्वयंपाकघर काढा,” ती म्हणाली. “चांगलं मोठं काढा. आणि जिना बाहेरून!”